उशिरा पडणारी टाळी

एक

आत्याच्या दुकानात एक नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण भिंतीवर लिहिलेलं कोणी वाचत नाही. नियम असा: ज्याच्यापुढे मशीन उघडं पडलंय, त्याच्या पाठीमागून बोलायचं नाही. सल्ला नाही, सूचना नाही, ‘अरे, तो स्क्रू’ नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस सुट्या भागांत बुडालेला असतो. मागून कोणी बोललं की हातातली स्प्रिंग उडते, आणि मग ती झाडू मारतानाच सापडते.

नियम आत्यानेच केलेला. तिच्या वडिलांनी तिला धंदा शिकवला तो सगळा पाठीमागे उभं राहून. “उजवीकडे फिरव. अगं, उजवीकडे. जेवतेस तो हात.” वडील गेले, दुकान तिच्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच सकाळी तिने त्यांच्या उभं राहायच्या जागेवर कपाट सरकवलं आणि मगच कुलपाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

आणि आज तीच आत्या, आपल्याच नियमात अडकून, भाचीच्या खोलीत ओठ घट्ट मिटून बसली होती.

भाची म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी. जुन्या टेपा साफ करून त्यांच्या रेकॉर्डी काढता येतील अशा करणं हा तिचा पेशा. धूळ, खरखर, घरघर, कोणाच्या तरी खुर्चीची करकर हे सगळं धान्य निवडावं तसं निवडून काढायचं आणि गाणं तेवढं सुपात ठेवायचं. खोलीच्या भिंतींना करड्या स्पंजचे ठोकळे, मधे एक लांब टेबल, दोन माणसाएवढे स्पीकर, आणि खिडकी नाही. आत बोललेलं लगेच विझून जायचं.

“ऐक हं,” भाची म्हणाली आणि नमुन्याच्या रेकॉर्डवर सुई ठेवली.

एक. दोन. तीन. चार.

एक. दोन. तीन. चार.

आत्या ऐकत राहिली. आवाज असा स्वच्छ, की आपण काल वाजवलंय असं तिला वाटलं. पण तिसऱ्या ठोक्यावर टाळी पडत होती. बरोबर तिसऱ्यावर, शाळेच्या घंटेसारखी. आणि दर वेळी ती पडली की आत्याच्या उजव्या पायात एक छोटासा झटका बसत होता.

“कळलं का काय केलंय?” भाचीचे डोळे चमकत होते. “इतकी वर्षं पेटीत पडून टेपा ताणल्या गेल्या होत्या, आत्या. तिसऱ्या ठोक्याची दर टाळी मागे पडलेली. कुठे थोडी, कुठे जास्त. मी एकेक टाळी उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली. हाताने. एकूण एक.”

“हाताने?”

“हाताने! मशीनवर सोडलं असतं तर दिवसात संपलं असतं. पण म्हटलं, तुझं काम आहे. कंटाळा केला तर तुला तोंड कुठल्या तोंडाने दाखवू?”

आत्याने उजवा पाय डाव्या पायाखाली दाबून धरला.

आता हे सांगायला हवं की आत्या म्हणजे साधीसुधी आत्या नव्हे. या शहरात एकेकाळी मशीनवरच्या नाचगाण्यांचा एक प्रकार जन्माला आला, त्याचं नाव अडखळ. तो एका तळघरात वाढला, तीन उन्हाळे जगला, आणि त्याची आई आत्या. आता कोण्या कंपनीला त्या अडखळीची रेकॉर्ड काढायची होती. आत्याने टेपांची पेटी भाचीच्या हवाली केली तेव्हा स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, “मशीन आता तुझ्यापुढे उघडं आहे. मी मागून एक अक्षर बोलणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

तर असा तो शब्द, आणि अशी ती वेळेवर पडणारी टाळी.

“सोमवारी रेकॉर्डच्या कारखान्याला होकार कळवायचाय,” भाची म्हणाली. “मग छपाई सुरू. तू बोलत का नाहीस?”

“आवाज किती लख्ख काढलास गं,” आत्या म्हणाली. हे खरंच होतं, म्हणून म्हणता आलं.

“आणि आता कोणी विचारलं ना, की अडखळ हे नाव कुठून आलं, तर मी बाबांची गोष्ट सांगणार. त्या तळघराची मोडकी पायरी!”

आत्याने मनातल्या मनात भावाला दोन शिव्या घातल्या. हा गृहस्थ आयुष्यात एकदाच त्या तळघरात आला, जिन्यावरून घसरला, ढुंगण धरून घरी गेला, आणि मुलीला सांगत बसला की पायरीवर सगळे अडखळायचे म्हणून नाव अडखळ. आत्याने ते कधी खोडलं नाही. खोडायची गरजच वाटली नव्हती. टेपा आहेत, त्या बोलतील, असं तिने धरून चाललेलं.

आणि टेपा बोलल्या होत्या. भाचीने त्यांचं बोलणं दुरुस्त केलं होतं.

दोन

मागे जाऊ. फार मागे नाही, भाचीच्या जन्माच्या जरासं आधी.

शहरात तेव्हा सगळे ‘सरळ’वर नाचायचे. सरळ म्हणजे चार सारखे ठोके, भिंतीत खिळे ठोकावेत तसे. शर्टांच्या कारखान्याखाली एक तळघर होतं. वर दिवसा शर्ट शिवायचे, खाली शनिवारी नाच. आत्या वरच्या मशीनांची देखभाल करायची, म्हणून खालच्या मशीनांचीही तिच्याच गळ्यात पडली, आणि दुरुस्त करता करता ती वाजवायलाही लागली. तिचं म्हणणं, फरक काहीच नाही. वरची मशीनं कापडाला टाके घालतात, खालची माणसांना.

खाली एक इको मशीन होतं. आत टेपचा एक वाटोळा तुकडा फिरत राहायचा. टाळीचा आवाज आत सोडला की मशीन तो टेपवर पकडायचं आणि क्षणभराने परत बाहेर टाकायचं. तो क्षण आत्याने बरोबर एका ठोक्याएवढा लावला होता. दुसऱ्या ठोक्यावर टाळी आत जायची, तिसऱ्यावर बाहेर यायची. तिसऱ्या जागी दुसरं काहीच वाजायचं नाही, ती जागा टाळीची.

एका शनिवारी मशीनचा पट्टा तुटला. रबराचा साधा पट्टा, मोटर आणि चाक जोडणारा. खोली भरत आलेली, दुकानं बंद झालेली. आत्या जिना चढून वर गेली, शर्टांना काजं पाडायच्या मशीनचा पट्टा काढला, आणि खाली आणून बसवला. बसला. जरा सैल बसला. पण बसला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातून काही शर्ट बिनकाजाचे बाहेर पडले, तो वेगळा इतिहास.

सैल पट्टा घसरायचा. टेप मंद फिरायची. टाळी उशिरा यायची. आणि खोली तापेल तसं रबर ढिलं व्हायचं, टाळी आणखी उशिरा. पहिल्या गाण्याला किंचित, शेवटच्याला इतकी, की माणसाला वाटावं आता येतच नाही.

पहिला अर्धा तास लोक वैतागले. सगळ्यांचे पाय तिसऱ्या ठोक्याला खाली, आणि टाळी नंतर. मग एक लांबच लांब पोरगा होता, सगळे त्याला उंट म्हणायचे, त्याने तिसऱ्या ठोक्याला पाय खाली टेकवलाच नाही. हवेत धरला. एका पायावर डुलत, दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून तो थांबला. टाळी पडली, तेव्हा पाय टेकवला.

शेजारच्या मुलीने बघितलं. तिनेही धरला. ती दंतवैद्यकी शिकत होती, पाठीवरच्या पिशवीत जाडजूड पुस्तक घेऊनच नाचायची. मग तिच्या शेजारच्याने धरला. गाणं संपायच्या आत सगळी खोली एका पायावर उभी राहून टाळीची वाट बघत होती, आणि टाळी पडली की जमीन अशी हादरायची की वरच्या मजल्यावर बटणांचे डबे खुळखुळायचे.

ती अडखळ.

दुसऱ्या आठवड्यात मशीनचा अस्सल पट्टा आला. आत्याने इमानदारीत बसवला. टाळी वेळेवर पडली. खोली नुसती उभी राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, “ए पट्टाबाई, जुना लाव!” मग सगळेच ओरडायला लागले. आत्याचं नाव त्या दिवसापासून पट्टाबाई. तिला ते अजून आवडतं. दुकानात कोणी पदवी विचारली तर सांगते.

आणि आता, शहरातल्या वर्तमानपत्राने वेळोवेळी जे छापलं, त्याचा सारांश.

*सरळ.* फार वर्षं जगली. अजून अधूनमधून उठून बसते.

*अडखळ.* तीन उन्हाळे. कारण: बरोबर वेळ पाळणारी मशीनं स्वस्त झाली.

*धाव.* अडखळीच्या पाठोपाठ आली, इतक्या वेगात की स्वतःच्याच पुढे निघून गेली. नाचणाऱ्यांचे गुडघे मागे राहिले.

*काचकाम.* काच फुटल्यासारखे आवाज. ऐकायला खोलीभर माणसं, नाचायला कोणी नाही. शेवट लेखांमध्ये झाला.

*डोह.* इतकी खोल घुमायची की शेजारच्या न्हाव्याच्या आरशाला तडा गेला. न्हावी भांडायला खाली उतरला आणि नाचायला थांबला.

वर्तमानपत्राला प्रत्येकाचं मरण छापायची भारी हौस. ‘अडखळ संपली’ हा मथळा आला तेव्हा आत्याने तो कागद तेल पुसायला वापरला. तिचं मत ठाम होतं: “संपत बिंपत काही नाही. लग्न करून दुसऱ्या घरी जातात. आडनाव बदलतं, नाक तेच राहतं.”

(तीन)

तीन अजून यायचाय. घाई नको. पाय वरच धरा.

तोवर एवढंच. त्या दिवशी भाचीच्या खोलीतून आत्या दुकानात परतली तेव्हा दुकानासमोर नेहमीची पोरं होती. रस्त्यापलीकडे एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान आहे, त्याच्या मोठ्या काचेत स्वतःला बघत ती नाचाचा सराव करतात. गाणी आत्याला अनोळखी. नवा काहीतरी प्रकार असेल, त्याचं नाव तिने विचारलं नव्हतं. ठोके सरळ, भराभर.

पण आज आत्या दारातच थांबली आणि तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

एक. दोन. आणि तिसऱ्याला एका मुलीचा पाय हवेत. धरलेला. टाळी पडून गेली तरी हवेतच. मग खाली. तिच्या शेजारच्या मुलाचाही. सगळ्यांचे.

“काय गं,” आत्याने हाक मारली, “तो पाय कशासाठी थांबवता?”

मुलीने गाण्याचा आवाज कमी केला. “काय म्हणालात?”

“पाय. वर का धरता? गाण्यात तर काहीच थांबत नाही.”

मुलगी खांदे उडवून म्हणाली, “ते असंच असतं, काकू. माझ्या बहिणीने शिकवलं.”

“तिला?”

“काय माहीत. कोणीतरी.” आणि हसून, “तुम्हाला शिकवू का? सोप्पं आहे!”

“नको,” आत्या म्हणाली. “पडेन मी.”

ती आत गेली आणि खुर्चीत बसली, आणि बराच वेळ तिने एकही मशीन उघडलं नाही. पाय उरला होता. शहरभर उरला होता. तो ज्या टाळीसाठी थांबायचा ती तेवढी पुसून गेली होती, आणि ती परत ऐकू येण्याची शेवटची संधी सोमवारी सरळ होऊन कारखान्यात जाणार होती.

सांगून टाकावं?

सांगितलं तर भाची दुरुस्त करेल. शंकाच नाही. पण आत्याला आठवलं, वडील मागून बोलायचे ते बहुतेक वेळा बरोबरच असायचे. आणि त्यानेच तर जास्त मोडून पडायला व्हायचं. बरोबर असलेला माणूस पाठीमागे उभा असला, की पुढच्याला स्वतःच्या हातांचा विसर पडतो.

तिने कपाटाकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला आणि एकटीच हसली.

बोलायचं नाही, असा नियम होता. नाचायला कुठे बंदी होती?

तिने फोन उचलला आणि उंटाला लावला.

तीन

रविवारी दुपारी भाचीच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत तिघेजण आले.

पहिला उंट. निवृत्त बसचालक. आल्या आल्या चौकटीवर डोकं आपटून म्हणाला, “दार कोण्या बुटक्याने बनवलंय?”

दुसरी दातवाली. तिचा आता मोठा दवाखाना. तिने भाचीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. “दात छान आहेत. आत्यासारखी गोडघाशी नाहीस वाटतं.”

तिसरा दिवेवाला. तळघरातले दिवे तो हातातल्या बटणाने चालूबंद करायचा, एका हाताने बटण आणि उरलेल्या अंगाने नाच. आता हातात काठी होती. ती त्याने दाराशी ठेवली आणि पुन्हा उचलली.

“आत्या म्हणाली तुम्हाला ऐकायचंय,” भाची म्हणाली. ती जरा घाबरली होती. “काही चुकलंमाकलं असेल तर सांगा.”

“आम्ही काय सांगणार, बाई,” उंट म्हणाला. “आम्ही नाचणारी माणसं.”

“मग नाचा की,” आत्या कोपऱ्यातून म्हणाली. एवढंच. आणि तिने हातांची घडी घातली.

भाचीने सुई ठेवली.

पहिल्याच ठोक्याला तिघांचे चेहरे वीस-पंचवीस वर्षांनी तरुण झाले. दातवालीने चप्पल काढली. दिवेवाल्याने काठी भिंतीला टेकवली. उंटाने हात पसरले.

एक. दोन.

तीन पाय हवेत गेले.

टाळी पडली. त्यांच्या आधी पडली.

उंट पुढे झुकला होता तो तसाच झुकत गेला आणि स्पंजच्या भिंतीत खांद्यापर्यंत रुतला. दातवाली त्याच्या पाठीवर. दिवेवाल्याने टेबल धरलं, आणि टेबलावरचा पाण्याचा पेला भाचीच्या मांडीवर.

“अगंबाई!”

“काही नाही, काही नाही. पाय घसरला. चालू दे.”

पुन्हा सुरू. एक. दोन. पाय वर. टाळी. धाड्. आता दातवाली खुर्चीत बसकण मारून, उंट गुडघ्यावर.

आत्याला हसू येईल असं वाटलं होतं. घरून येताना ती याच क्षणाची गंमत चघळत आली होती. पण हसू आलं नाही, कारण दिवेवाला काठी घेऊन हळूच खुर्चीत जाऊन बसला होता, आणि कोणाकडेच बघत नव्हता.

“म्हातारे झालो,” तो म्हणाला. “दुसरं काय. मी नातवंडांना सांगत आलो, आजोबा तुमचा काय नाचायचा! बरं झालं, त्यांना आणलं नाही.”

“माझाही गुडघा गेलाय,” उंट भिंतीतून म्हणाला.

दातवाली चप्पल शोधायला लागली.

आत्याच्या जिभेच्या टोकाशी शब्द आले. तुम्ही नाही रे चुकलात! आपलीच माणसं आपल्याच युक्तीने तिने पाडली होती, आणि ती स्वतःला दोष देत चप्पल शोधत होती. नियम गेला खड्ड्यात. तिने तोंड उघडलं...

“थांबा,” भाची म्हणाली.

तिचं ओल्या मांडीकडे लक्ष नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती.

“परत एकदा नाचाल?”

“कशाला? कंबर मोडायला?” दातवालीने विचारलं.

“एकदाच. आजोबा, तुम्हीही.”

“आजोबा नाही. दिवेवाला.”

“दिवेवाले, तुम्हीही. प्लीज.”

तिने सुई पुन्हा ठेवली, आणि स्वतः चक्क पालथी पडली, हनुवटी जमिनीला लावून, पायांच्या पातळीवर. एक. दोन. पाय वर. टाळी. तिघे धडपडले, या वेळी एकमेकांना धरून. भाचीने हात लांब करून सुई उचलली.

“तुम्ही सगळे गाण्यात एकाच जागी पडताय,” ती म्हणाली.

“म्हातारपण बाई, ते...”

“नाही हो. म्हातारपण असतं तर प्रत्येकजण आपापल्या जागी पडला असता.”

उंटाने दातवालीकडे पाहिलं. दातवालीने चप्पल खाली ठेवली. “हे मात्र खरं,” ती म्हणाली. “माझे सगळे पेशंट एकाच दाताने कधी रडत नाहीत.”

कोपऱ्यात आत्याने हातांची घडी सोडली. हे तिने कोणाला शिकवलं नव्हतं. मशीन बिघडलं की टाक्याकडे बघू नये, टाका *कुठे* सुटतो ते बघावं, हे तिच्या वडिलांना आयुष्यभर सांगता आलं नव्हतं, आणि ही पोरगी जमिनीवर पालथी पडून स्वतःहून तिथे पोहोचली होती.

भाची उठली आणि आत्यासमोर उभी राहिली.

“आत्या.”

“बोल.”

“तू बोल.”

“मशीन तुझ्यापुढे उघडं आहे.”

“आत्या!”

आत्याने उजवा पाय उचलला आणि हवेत धरला. एका हाताने भिंतीचा आधार घेतला, मग तोही सोडला.

भाचीने त्या पायाकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, आधी पांढरा, मग लाल. ती टेबलाकडे धावली. पेटीतून निघाली होती तशीच्या तशी, हात न लावलेली टेप तिने लावली. खरखर, घरघर, कोणाच्या तरी खुर्चीची करकर.

एक.

दोन.

चार पाय हवेत.

खोलीत सगळं थांबलं. उंटाचं तोंड उघडं पडलं, तेव्हासारखंच. दातवालीने डोळे मिटले. दिवेवाल्याच्या हातात काठी नव्हती आणि अंगठा हवेत एक नसलेलं बटण दाबून बसला होता. अजून नाही. अजून नाही. आता येतच नाही की काय...

टाळी.

चारही पाय एकदम खाली आले आणि टेबलावरचा रिकामा पेला उडाला.

मग कोणीच थांबेना. दिवेवाला तर असा नाचला, की शेवटी दातवालीनेच त्याला खुर्चीत दाबून बसवला. “पुरे! तुझी नातवंडं मला पकडतील!”

“आणा त्यांना,” तो धापा टाकत म्हणाला. “आत्ताच्या आत्ता आणा!”

भाची मात्र टेबलाशी तशीच उभी होती. “मी एकेक टाळी...” तिचा आवाज चिरकला. “हाताने, आत्या. सगळ्या. सगळ्या मोडून ठेवल्या मी.”

आता नियमाचा प्रश्न नव्हता. मशीन मिटलेलं होतं. आत्या जवळ गेली आणि तिने भाचीचा हात हातात घेतला.

“हाताने केल्यास म्हणून तर आम्ही पडलो,” ती म्हणाली. “कच्चं काम असतं तर सावरलो असतो. इतकी वेळेवर टाळी या शहरात आजवर कोणी पाडली नसेल.”

“टोमणा मारतेस?”

“छे गं. मिरवतेय.”

चार

कंपनीच्या माणसाला फोन भाचीनेच केला. आत्या बाजूला बसून ऐकत होती.

“छपाई थांबवा. हो, उद्याचीच. नाही, बिघाड नाही. होता, तो मी काढून टाकलाय, तो परत घालायचाय.” बराच वेळ पलीकडून बडबड. “तारीख पुढे जाईल, मला मान्य आहे. माझं नाव आहे त्यावर, मला हवं तसंच जाईल.” पुन्हा बडबड. “किती उशीर?”

तिने आत्याच्या पायाकडे नजर टाकली.

“पाय खाली येईपर्यंत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिघे जिन्यातून उतरत होते. दिवेवाल्याची काठी दाराशीच राहिली होती, आणि त्याच्या अजून लक्षातही आलं नव्हतं. खालून उंटाचं डोकं चौकटीवर आपटल्याचा आवाज आला.

भाची टेबलाशी बसली. कानांवर हेडफोन चढवले, काढले, पुन्हा चढवले. मग वळली.

“एक अडचण आहे. टेप काही ठिकाणी खरंच ताणलीय. काही उशीर तुझ्या पट्ट्याचा, काही पेटीत पडून झालेला. कुठला कोणता, माझ्या कानाला कळत नाही.”

“काजाच्या मशीनच्या पट्ट्याचा,” आत्याने दुरुस्ती केली. “माझ्या नाही.”

“काजाच्या मशीनचा?”

“सांगते. मोठी गोष्ट आहे. तुझ्या बापाचं त्यात काही काम नाही.”

आत्या उठली. सवयीने पाय दाराकडे वळले, कारण भाचीपुढे मशीन पुन्हा उघडं पडलं होतं.

“कुठे निघालीस?”

“बाहेर बसते. झालं की हाक मार.”

भाचीने पायाने दुसरी खुर्ची ओढली आणि अगदी आपल्या खुर्चीला चिकटवून ठेवली. “मागून बोलायचं नाही, एवढाच नियम ना? मग शेजारी बस. आणि बोलू नकोस. पाय वर धर. तो जिथे खाली येईल, तिथे मी टाळी ठेवते.”

आत्या बसली. खुर्चीत जरा सरकून तिने चपला काढल्या.

एक.

दोन.

टेबलाखाली तिचा पाय उचलला गेला. तिने सहज खाली पाहिलं. शेजारी भाचीचाही पाय, तिच्या नकळत, वर होता. आत्या हसली, पण आवाज केला नाही. दोघी वाट बघत राहिल्या.